फायरबॉल न घेणारा विझार्ड

प्रिय जुळे सोलापूरकर,

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या कथाखेळात तू विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळतोस. त्याचं घर मागाच्या शेडला लागलेल्या आगीत जळालं, म्हणून पाचव्या लेव्हलला तू फायरबॉल हा आगीचा मंत्र (स्पेल) सोडून टंग्ज (कुठलीही भाषा समजणं) आणि सेंडिंग (दूरवर निरोप धाडणं) घेतलंस. विझार्डची जादू ज्यावर चालते तो इंटेलिजन्सही १४च. गेल्या रविवारी ग्रुपमधली दोन कॅरेक्टर पडली आणि मित्र सगळ्यांसमोर बोलला, "तुझ्या नाटकापायी आमचा जीव जातो." आता ग्रुप सोडू का, असं विचारतोस.

मुळीच सोडू नकोस. आग नाकारणारा विझार्ड मला मनापासून आवडला, तो तसाच ठेव. १४ चं फार मनावर घेऊ नकोस. तुझा सेव्ह डीसी, म्हणजे तुझी जादू चुकवायला शत्रूला फासा टाकून गाठावा लागणारा आकडा, १३ आहे, इंटेलिजन्स १६ असता तर १४ झाला असता; म्हणजे वीस बाजूंचा फासा वीसदा टाकला तर एकदा फरक पडणार. आठव्या लेव्हलला मिळणारे दोन गुण इंटेलिजन्समध्येच घाल.

पण मित्राचं एक खरं आहे. फायरबॉल म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ डॅमेज, तेही घोळक्यातल्या प्रत्येकाला. ते सोडलंस आणि लढाईत कामाला येईल असं बदली काहीच घेतलं नाहीस. तुझ्या कॅरेक्टरच्या दुःखाची किंमत बाकीच्यांनी का मोजायची?

स्लो हा शत्रूंना मंद करणारा मंत्र मिळव. एकाच वेळी सहा शत्रूंवर चालतो. सेव्ह हुकला की त्यांचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) दोनने उतरतो, रिअॅक्शन (मधेच करायची झटपट कृती) जाते, एका टर्नला एकापेक्षा जास्त हल्ले करता येत नाहीत. त्या मित्राच्या फायटरचे शंभरातले आणखी दहा वार लागतील, आणि ते त्याला तिथल्या तिथे दिसेल. हिप्नॉटिक पॅटर्न हा गुंगवणारा मंत्रही चांगला आहे, फक्त गुंगलेल्या शत्रूला कुणी मारलं की तो जागा होतो, आणि तुमच्या ग्रुपला तेवढा धीर निघेल असं पत्रावरून वाटत नाही. दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे मंत्र टिकवायला लक्ष एकवटून ठेवावं लागतं. मार बसला की १० किंवा डॅमेजच्या निम्मे, जे जास्त असेल त्याचा कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणा) सेव्ह; तो हुकला की मंत्र तुटतो. तेव्हा मागे उभा राहा.

तुम्ही २०१४ चे नियम खेळता, त्यात विझार्डच्या मंत्रांच्या वहीतलं स्पेल बदलता येत नाही, नवीन उतरवता येतं: तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला १५० सोन्याची नाणी आणि सहा तास. दुसऱ्या विझार्डची वही मिळाली तर उत्तम. स्क्रोलवरून (मंत्र लिहिलेल्या गुंडाळीवरून) उतरवायचं तर १३ चा आर्काना चेक (जादूच्या ज्ञानाचा फासा) लागतो, आणि तो फसला तरी स्क्रोल जातोच. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, आजच फोन करून यातलं काय मिळेल ते विचार.

मित्राशी मात्र रविवारच्या आधी, चहाला एकट्याला गाठून बोल. "फायरबॉल घेणार नाही, स्लो आणतोय, तू कुठे उभा राहशील?" एवढंच विचार.

— ताई