दंडांवरचा खरखरीत काटा

प्रश्न: माझी मुलगी 16 वर्षांची आहे. तिच्या दोन्ही दंडांवर आणि मांड्यांवर बारीक, खरखरीत पुटकुळ्या आहेत. खाज नाही, पू नाही, पण थंडीत फार वाढतात. मुळात त्वचा कोरडी. वज्रीने घासून पाहिलं, दिवाळीपासून रोज उटणंही लावतो. पुटकुळ्या तशाच आहेत आणि आता काळे डागही पडू लागलेत. बिनबाह्यांचे कपडे घालायला ती तयार होत नाही.

उत्तर: वर्णनावरून हे केराटोसिस पिलारिस वाटतं. आधी वज्री आणि उटणं दोन्ही थांबवा, कारण काळे डाग बहुधा त्या घासण्यानेच पडले आहेत. केसाच्या मुळाशी केराटिन (त्वचेतलं कठीण प्रथिन) साचून रव्याच्या कणीएवढी खुंटी तयार होते, तोच हाताला लागणारा काटा. भिंगातून पाहिलं तर काही खुंट्यांखाली वेटोळं घालून अडकलेला केसही दिसतो. घासल्याने वरचं टोक झडतं, पण भोवतीची त्वचा दुखावते, लाल होते आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर त्या जागी डाग राहतो. हा मळ नाही, अस्वच्छता नाही, संसर्ग तर नाहीच. हे मुलीला नीट सांगा. स्वच्छता राखत नाहीस, असं ऐकून घ्यावं लागलेल्या अनेक मुली असतात.

खुंटी घासून नव्हे, मऊ करून काढायची. अंघोळ कोमट पाण्याने, 10 मिनिटांच्या आत. साबण काखा, जांघा आणि पायांपुरता. दंड-मांड्यांना नुसतं पाणी पुरतं. टॉवेलने टिपा आणि त्वचा ओलसर असतानाच, साधारण 3 मिनिटांत, 10 टक्के युरियाचं क्रीम लावा. पहिला आठवडा एक दिवसाआड, मग रोज. दोन-तीन आठवड्यांत त्वचेला सवय झाली की रात्री 20 टक्के युरिया किंवा 12 टक्के लॅक्टिक ॲसिडचं लोशन. दोन्ही एकदम नको, आग होते. खरचटलेल्या किंवा नुकतेच केस काढलेल्या जागी तर ती हमखास होते, तिथे दोन दिवस थांबा.

बहुतेक जण चुकतात ते प्रमाणात. वाटाण्याएवढं क्रीम दोन्ही दंडांवर पसरवून काहीच साधत नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. एका दंडाला निदान तेवढं हवंच.

खरखर कमी व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात. डाग मात्र महिनोन्महिने रेंगाळतात, त्यांवर उन्हात जाताना सनस्क्रीन लावा. थांबवलं की काटा परत येतो. म्हणून त्वचा मऊ झाल्यावरही आठवड्यातून दोन-तीनदा क्रीम चालू ठेवायचं, थंडीत रोज. वयाच्या तिशीपर्यंत अनेकांचं हे आपोआप बरंच ओसरतं.

एवढ्याने भागलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञ ॲडापलिन किंवा ट्रेटिनॉइन ही त्वचेवर लावायची औषधं देतात. ती मनाने आणू नका. गरोदरपणात तर टाळायचीच. दुकानातून मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली क्रीमं अजिबात नकोत. त्यांनी लाली चार दिवस दबते आणि त्वचा पातळ होत जाते.

प्रश्न: खोबरेल तेल चालेल का? आणि हे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होतं का?

उत्तर: खोबरेल खुंटी विरघळवत नाही, त्वचेतला ओलावा उडून जाऊ देत नाही इतकंच. त्यामुळे कोरड्या अंगावर चोळण्याऐवजी अंघोळीनंतरच्या ओलसर त्वचेवर लावा. युरिया लावायचा असेल तर आधी युरिया, पाचेक मिनिटांनी तेल.

अ जीवनसत्त्व कमी पडल्यावर येणारा काटा वेगळा: जाडसर, टोकदार, बहुधा कोपर-गुडघ्यांवर. सोबत कमी उजेडात दिसेनासं होत असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. पण पुटकुळ्यांसाठी म्हणून मनाने कॅप्सूल देऊ नका, हे जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि जास्त झालं तर यकृताला बाधतं.