प्रार्थनेत मन लागत नाही, मग माझं तारण (पापांतून सुटका) झालंय हे कशावरून ओळखू?

मन लागण्यावरून ओळखू नका, एवढंच आधी सांगतो. मी घणसोलीहून ठाण्याला रोज लोकलने जातो. कधी खिडकी मिळते, कधी ऐरोलीपर्यंत एका पायावर उभा असतो. गाडी मात्र ठाण्यालाच जाते. भावनांचंही तसंच.

योहानाच्या पहिल्या पत्रात (5:13) लेखक लिहिण्याचं कारणच सांगतो: देवाच्या पुत्रावर, म्हणजे येशूवर, विश्वास ठेवणाऱ्यांना, आपल्याला सार्वकालिक जीवन आहे, हे कळावं. ‘वाटावं’ नव्हे, ‘कळावं’. आणि मार्कच्या शुभवर्तमानातला (9:24), मुलाला बरं करण्यासाठी येशूकडे आलेला तो बाप आठवा. विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात अविश्वास घालवायला मदत मागतो. येशूने त्याला परत पाठवलं नाही, मुलगा बरा केला.

इथे पंथांत फरक आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. कॅथलिक शिकवण आशेवर भर देते, पूर्ण खात्रीचा दावा टाळते. प्रॉटेस्टंट मंडळ्या खात्रीबद्दल मोकळेपणाने बोलतात. पण 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीतही (प्रॉटेस्टंट श्रद्धा मांडणाऱ्या जुन्या दस्तऐवजातही) लिहिलंय की खऱ्या विश्वासणाऱ्याला ही खात्री मिळायला बराच काळ लागू शकतो.

रोज स्वतःची नाडी तपासत बसू नका. रविवारी उपासनेला जा, प्रभुभोजन घ्या. आणि पाळकांना हे असंच्या असं सांगा. त्यांनी हे याआधीही ऐकलेलं असतं.