रेशमी स्कार्फवर हाताने रंगवताना रंग रेषेबाहेर का पसरतो? नेमकी पद्धत काय?

तुम्ही लिहिलंय की पातळ रंग ब्रश टेकताच फुटतो आणि नेहमीचा फॅब्रिक पेंट लावला तर स्कार्फ कडक होतो. दोन्ही होणारच. फॅब्रिक पेंट कापडाच्या वर बसतो. रेशमाचे रंग पाण्यासारखे पातळ असतात, ते धाग्यात मुरतात आणि पसरतात. तो पसरतो म्हणून तर हे काम जमतं. फक्त त्याने कुठे थांबायचं ते आधी ठरवून द्यावं लागतं.

कापड शिकण्यापुरतं ८ मॉमीचं हाबोटाई, म्हणजे साध्या विणीचं पातळ रेशीम, घ्या (मॉमी हे रेशमाच्या वजनाचं माप; ८ मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ३५ ग्रॅम). फार जाड रेशमात रंग अडवणारी रेषा आरपार उतरत नाही. सौम्य साबणाने धुऊन खळ काढा, ओलसर असतानाच इस्त्री करा आणि तीन टोकांच्या टाचण्यांनी चौकटीवर ताणून बसवा. रंगवताना ते ओलं होऊन सैल पडतं, तेव्हा मध्येच पुन्हा ताणायचं. झोळ पडून खाली टेबलाला टेकलं, की तिथे रंग साचलाच म्हणून समजा.

आता तुमचा खरा प्रश्न, रेषा. ती गुट्टाने, म्हणजे रंग अडवणाऱ्या चिकट द्रवाने, काढतात. मूळ गुट्टा झाडाच्या चिकाचा, पण आता पाण्यात धुऊन निघणाराही मिळतो आणि घरी तोच सोयीचा. बारीक धातूची नळी लावलेल्या बाटलीने, नळी कापडाला टेकवून सावकाश ओढायचं. हात घाईत गेला किंवा मध्ये बुडबुडा आला की रेषेत फट राहते. सगळी गळती तिथूनच होते. सर्वांत दगा देतात ती जुळणारी टोकं: पाकळी बंद झालीशी वाटते आणि देठाजवळ केसाएवढी वाट उरलेली असते. म्हणून रेषा वाळल्यावर चौकट उजेडासमोर धरून मागून बघा. गुट्टा आरपार उतरला असेल तिथे रेषा अखंड पारदर्शक दिसते, नसेल तिथे मागच्याच बाजूने भरून घ्या. ही पाच मिनिटं वाचवायला जाऊ नका.

रंग भरताना ब्रश रेषेपाशी न्यायचाच नाही. आकाराच्या मधोमध टेकवा. रंग आपसूक कडेपर्यंत जाऊन थांबतो. पार्श्वभूमी मात्र एका दमात व्हायला हवी. वाळलेल्या कडेला नवा ओला रंग लागला की पाणी जुन्या रंगाला ढकलत नेतं आणि गडद किनार उमटते, ती नंतर पुसता येत नाही. तेव्हा रंग आधीच भरपूर कालवून ठेवा, ब्रश मोठा घ्या आणि पंखा बंद करा.

ओल्या रंगावर जाड मीठ टाकलं तर ते पाणी ओढून घेतं, त्यामागे रंग सरकतो आणि फुलोऱ्यासारखी नक्षी उमटते. नव्याने शिकणारे अख्खा स्कार्फ मिठाने भरतात. माझ्या मते एखादा कोपरा पुरे.

रंग पक्का कसा करायचा ते बाटलीवर लिहिलेलं असतं. इस्त्रीने पक्के होणारे सोपे, पण वाफेने पक्क्या होणाऱ्या रंगांची चमक त्यांना येत नाही. वाफ द्यायची तर स्कार्फ कोऱ्या, न छापलेल्या कागदात असा गुंडाळा की कापड कापडाला टेकणार नाही. गुंडाळी पाण्याच्या वर अधांतरी ठेवून वरून फॉइलची टोपी घाला, कारण झाकणावरून थेंब पडला तर कायमचा डाग. वेळ रंगाप्रमाणे, साधारण एक ते तीन तास. एक दिवस थांबून गार पाण्यात धुवा. जास्तीचा रंग सुटेल, घाबरू नका. पाणी नितळ येईपर्यंत खळबळत राहा. पाण्यात धुऊन निघणारा गुट्टा कोमट पाण्यात निघतो.

काठ शेवटी, हातानेच वळून शिवा. मशीनची शिलाई पातळ रेशमाला ताठ करते. काठ शिवलेला तयार स्कार्फ घेतलात तर दुमडीत रंग जास्त मुरतो आणि कड गडद येते, तेवढं धरून चाला.