पथ्य, लोणचं आणि काकांचं वेबिल

"मॅडम, बाबांना तुम्ही जरा समजवा ना, पथ्य अजिबात पाळत नाहीत." हे वाक्य मी महिन्यातून चार-पाच वेळा तरी ऐकते. कधी मुलगी म्हणते, कधी सून, एकदा तर बारावीतला नातू आला होता. अँजिओप्लास्टी झालेली असते, घरात मिठाची बरणी वरच्या फळीवर गेलेली असते आणि आजोबा कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्या उभ्या शेव खाताना सापडलेले असतात. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

काका सत्तरीचे, एसटीत कंडक्टर होते. आठ महिन्यांपूर्वी एक स्टेंट बसलेला. पहिल्या सेशनला बोलली ती फक्त मुलगी. शर्टाच्या खिशात भडंगाची पुडी सापडली, जावयाकडे गेले की मागून मागून वडे खातात वगैरे. काका खिडकीबाहेर बघत होते, काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. दुसऱ्या वेळी मुलीला म्हटलं, तू बाहेर चहा पिऊन ये.

"काका, घरात जेवणात मीठ किती असतं?"

"नसतंच. आमटी म्हणजे गरम पाणी."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"कमी करा म्हणाले."

काकू लगेच, "कमी म्हणजे किती ते कुठं सांगितलं? मग मी बंदच केलं, रिस्क नको."

हे मी फार घरांत बघते, डॉक्टर "कमी" म्हणतात आणि घरी पोचेपर्यंत त्याचं "बंद" होतं. वयस्कर माणसाला लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल आणि मीठ असं एकदम तोडलं, तर रक्तातलं सोडियम फार खाली जाऊ शकतं, माणूस गोंधळतो, तोल जाऊन पडतो. म्हणून मी आधी त्यांना परत डॉक्टरकडे पाठवलं, की किती चालेल ते आकड्यात लिहून आणा. (काकांच्या भाच्याने लसूण-आलं-लिंबू-ॲपल व्हिनेगरच्या काढ्याचा फॉरवर्ड पाठवला होता, ब्लॉकेज विरघळतं म्हणे. विरघळत नाही. आणि तो काढा सुरू करून गोळ्या बंद करणारे लोक मी पाहिलेत, तेव्हा यावर माझं डोकं फिरतं.)

तिसऱ्या सेशनला काका एकदम म्हणाले, "मला अळणी वाढते आणि माझं झालं की स्वतः ओट्यापाशी उभी राहून लोणचं खाते. हाताला वास येतो हिच्या."

काकू लालेलाल. "मग काय करू, घास खाली उतरत नाही हो."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं तर बांगड्या पार कोपराकडे सरकत होत्या. आठ महिन्यांत सहा किलो वजन उतरलेलं, आणि घरात कुणाच्या लक्षात नाही कारण वजनकाटा, बीपीचं मशीन, सगळं काकांसाठी. या वयात वजन असं उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, मग जिना चढवत नाही. त्याची तपासणी वेगळी करायला लावली.

"पण काकू, तुमचं बीपी तर चांगलंय. तुम्ही का अळणी खाताय?"

बराच वेळ काही नाही. मग, "यांना मीच खायला घातलं ना चाळीस वर्षं. ॲडमिट होते तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, वहिनीच्या हाताला तेलच जास्त. माझ्यामुळेच झालं हे."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला शिकायलाच मला दहा वर्षं लागलीत.

काका म्हणाले, "आणि मी रोज बिडीचं बंडल संपवायचो, ते कुणाच्या हातचं होतं गं?"

काकू आधी रडल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

माणसाच्या वाक्यातला "च" ऐकायची मला सवय आहे. माझ्यामुळेच. बंदच. खायचंच नाही. भांडण काका आणि पथ्य यांच्यात नव्हतंच मुळी, काकू शिक्षा भोगत होत्या आणि काकांना ती बघवत नव्हती म्हणून ते बाहेर जाऊन खात होते. आणि शिक्षा म्हणून केलेलं पथ्य टिकत नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते.

पुढचं सोपं होतं. मी म्हटलं, काका, रोजचं वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरायचात ना, तसं मिठाचं भरा. बास, गडी खूश. जागतिक आरोग्य संघटना सांगते माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. त्यांना डॉक्टरांनीही तेवढंच लिहून दिलं होतं. दोघांचं महिन्याला 300 ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा तीन महिने जायला हवा, आणि फरसाण, पापड, खारी, ब्रेड यातलं मीठही त्यातच धरायचं. काकांनी हिशोब केला, आजारपणाआधी पुडा दीड महिन्यात संपायचा. "म्हणजे डबल सीट चाललीवती की!" सैंधव वापरलं म्हणून सुटका नाही, तेही मीठच. लो-सोडियम मिठात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या असतील तर ते डॉक्टरला विचारल्याशिवाय आणू नका.

कणकेतलं आणि भातातलं मीठ काढलं तर कुणाला कळतही नाही. आमटीत थोडं घातलं आणि आमसूल, लसूण, वरून लिंबू वाढवलं. मुगाची, मटकीची उसळ रोज एकदा, काकूंनाही वाटीभर, बसून. तेल दोघांत महिन्याला एक लिटर. आणि लोणच्याची बरणी टेबलावर आली, आठवड्यातून दोनदा एकेक फोड, वेबिलात नोंद करून. बिडी हार्ट अटॅकनंतर सुटली होती ती सुटलेलीच राहिली, त्याचं श्रेय कुणी काकांना दिलं नव्हतं, ते मी दिलं.

शेवटच्या सेशनला काकूंचं वजन दीड किलोने वाढलं होतं पण तक्रार नवीन होती. काका आता शेजारपाजारच्या घरी जाऊन विचारतात, तुमचा मिठाचा पुडा किती दिवस जातो, आणि लोक दार उघडेनासे झालेत.