बालेकिल्ल्यातलं ‘बाले’ आणि पडकोटातलं ‘पड’

प्रश्न असा आहे: गडावर फिरताना ऐकलं की ‘बालेकिल्ला’ म्हणजे बाळकिल्ला, मोठ्या किल्ल्याच्या पोटातला छोटा किल्ला. आणि ‘पडकोट’ म्हणजे पडका कोट. हे बरोबर आहे का?

दोन्ही बरोबर नाही, पण असं का वाटतं ते कळण्यासारखं आहे. बालेकिल्ला खरोखरच आकाराने लहान असतो आणि आज बहुतेक पडकोटांची पडझडच झालेली दिसते. त्यामुळे डोळ्यांना जे दिसतं तेच नावात आहे असं वाटतं.

‘बाले’चा बाळाशी संबंध नाही. फारसीत ‘बाला’ म्हणजे वर, वरचा, उंचावरचा. काबूल आणि पेशावर इथल्या उंच किल्ल्यांना बाला हिसार म्हणतात, राजस्थानात अलवारच्या डोंगरावरचा बाला किला आहे. आपल्याकडे बालाचं ‘बाले’ झालं, एवढाच फरक. हा ‘बाला’ मराठीत इतरत्रही आहे. वऱ्हाडात घाटावरचा मुलूख तो बालाघाट आणि खालचा पायनघाट. ‘त्याने सगळं बालाबाल उरकलं’ म्हणतो तेव्हा संबंधित माणसाला वगळून, वरच्या वर उरकलं असंच म्हणायचं असतं. म्हणजे बालेकिल्ला हा वरचा किल्ला. शब्द उंची सांगतो, आकार सांगत नाही.

राजगडावर हे पायांनाच कळतं. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे डोंगराचे सपाट टप्पे, तीन दिशांना पसरलेल्या आणि मधोमध बालेकिल्ल्याचा कातळ उभा. तुम्ही गडावर पोचलेले असता, एक दरवाजा मागे टाकलेला असतो, तरी आणखी एक गड चढायचा शिल्लक राहतो. वाट कड्यातल्या खोदीव पायऱ्यांची, छातीवर येणारी. ती संपते तिथे बालेकिल्ल्याचा स्वतःचा महादरवाजा, दोन बाजूंना बुरूज घेऊन. आत चंद्रतळं आणि वाड्यांची जोती. मला यातलं पाणी सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. माच्या शत्रूच्या हाती गेल्या तरी वरच्या शिबंदीला खाली उतरावं लागू नये, यासाठी बालेकिल्ल्याला स्वतःचं पाणी हवं, दरवाजा हवा, तट हवा. हे नसेल तर तो नुसता सुळका.

१६६५ साली पुरंदरच्या वेढ्यात हा फरक जिवावर बेतून दिसला. मोगल सरदार दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड घेतला, मग माचीवर तुटून पडला. मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले. तरीही गड पडला नाही. उरलेले लोक वरच्या किल्ल्यातून भांडत राहिले. पुरंदर मोगलांकडे गेला तो महाराजांनी जूनमध्ये केलेल्या तहाने.

माची या शब्दाबद्दल विचारलेलं नाही, पण ती सोडून बालेकिल्ला समजत नाही. संस्कृत ‘मंच’, आपलं मचाण आणि शेतातल्या राखणीचा माचा यांच्याच घरातला हा शब्द. बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी डोंगराचा जो सपाट टप्पा सुटतो, ती माची. लोणावळ्याजवळच्या राजमाचीला तर एका माचीवर दोन बालेकिल्ले आहेत, श्रीवर्धन आणि मनरंजन. ‘किल्ल्याच्या आतला किल्ला’ ही व्याख्या धरली तर राजमाचीचा उलगडा होत नाही. ‘माचीच्या वरचा किल्ला’ म्हटलं की लगेच होतो.

आता पडकोट. यातलं ‘पड’ हे पडण्याचं नाही. संस्कृत ‘प्रति’ प्राकृतातून येताना ‘पडि’ आणि मग ‘पड’ झालं. प्रतिच्छायेची पडछाया, प्रतिशब्दाचा पडसाद, प्रतिजिव्हेची पडजीभ. मूळ वस्तूला जोड म्हणून असलेली दुसरी वस्तू, असा तो अर्थ. मुख्य कोटाला बाहेरून दिलेला जोडकोट तो पडकोट. विजयदुर्गावर पडकोट खुष्की आणि पडकोट दर्या ही नावं अजून चालतात, एक जमिनीच्या अंगाचा, दुसरा समुद्राच्या. धडधाकट बांधून काढलेल्या नव्या तटालाही पडकोटच म्हणत, कारण तो मुख्य कोटाचा जोडीदार.

पडकोट आणि राजगडाच्या संजीवनी माचीवरचं चिलखती बांधकाम यांचीही गल्लत होते. चिलखत म्हणजे बुरुजाला किंवा तटाला बाहेरून घातलेलं दुसरं कवच, दोन्हींच्या मध्ये अरुंद बोळ राहतो. पडकोट हा वेगळा, मोकळी जागा पोटात घेणारा कोट.

वर्तमानपत्रांत अमुक पक्षाचा बालेकिल्ला म्हणतात त्यावर काहींचा आक्षेप असतो. माझा नाही. बाकी सगळं गेलं तरी जे हातात राहतं ते ठिकाण, हा अर्थ त्यात शाबूत आहे. ‘बालेकिल्ल्याला सुरुंग लावला’ हा वाक्प्रचारही वेढ्याच्या युद्धातूनच आला. फक्त एका पक्षाचे एकाच जिल्ह्यात पाच-सहा बालेकिल्ले छापून येतात तेव्हा संपादकांनी त्यातल्या काहींना माची म्हणावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.