मुलगी पहिलीत, शाळा साडेबाराला सुटते, आम्ही दोघं घरी सातला: पाळणाघर बरं की रोज एक-दोन क्लास?

पहिलीतल्या मुलीसाठी पाळणाघरच. साडेबारा ते सात म्हणजे साडेसहा तास. त्यात चित्रकलेचा एक तास आणि अबॅकसचा एक धरला, तरी उरलेल्या साडेचार तासांचं काय? मधली ने-आण कोण करणार? शिवाय 'आज क्लास नाही' हा मेसेज ऐनवेळी येतो. पाळणाघराला पैसे द्यायचे ते सलगपणाचे: एकच जागा, तीच ताई आणि आत्ता मूल कोणाच्या ताब्यात आहे याचं एकच उत्तर. क्लास हवा असेल तर आठवड्यातून दोन दिवस, तोही पाळणाघरातच किंवा त्याच इमारतीत असेल तर.

ऑफिसच्या पाळणाघराची आशा धरू नका. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे ते असावं असं २०१७ पासून कायदा सांगतो, पण ती सोय मुख्यतः तान्ह्या आणि लहान मुलांसाठी असते. केंद्राची 'पाळणा' योजनाही ६ महिने ते ६ वर्षं एवढीच. शाळकरी मूल सगळीकडून सुटतं, म्हणून तपासणी तुम्हालाच करावी लागते.

बघायला जायचं ते दुपारी चार ते पाचच्या मध्ये. सकाळी अकराला कुठलंही पाळणाघर छानच दिसतं. चारला तान्ही उठलेली असतात, मोठ्यांना खाऊ हवा असतो, कुणाला शूला जायचं असतं. दोन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना मिळून एकच ताई असेल, तर त्या वेळी टीव्ही लागलेला सापडेल. तिचा दोष नाही, तिला दुसरा मार्गच नसतो.

नेहमीची तक्रार झोपेची. लहानं झोपतात म्हणून सहा-सात वर्षांच्यांनाही दोन तास गप्प पडून राहायला लावतात. 'न झोपणारी मुलं काय करतात?' एवढं विचारा. वेगळी खोली, निदान कॅरम आणि गोष्टीची पुस्तकं असलेली गॅलरी (ग्रिल लावलेली) हवी. झोपणारं मूल साडेतीनपर्यंत उठवायला सांगा, नाहीतर रात्री अकरापर्यंत तुम्ही जागे. संध्याकाळी खाली खेळायला नेतात का, सोबत कोण असतं, हेही विचारा. मुलांना खरा फायदा त्या तासाचा: वेगवेगळ्या वयाच्या पोरांत डाव मांडणं, भांडणं, परत खेळणं.

गृहपाठ खाऊनंतर वीस-तीस मिनिटं, ताईने शेजारी बसायचं, वहीत लिहायचं नाही. ताईने लिहून दिलं की मुलीला काय येत नाही हे शाळेतल्या बाईंना कळतच नाही.

घोटाळा होतो तो व्हॅनपाशी. मूल आलं नाही की पाळणाघराला वाटतं आज सुट्टी असेल, आणि तुम्ही समजता ती पोचली. म्हणून लेखी ठरवा: नेहमीच्या वेळेनंतर १५ मिनिटांत आली नाही तर ताईने फोन करायचा. सुट्टी असेल त्या दिवशी तुम्ही व्हॅनवाल्या काकांना आणि ताईंना, दोघांनाही कळवायचं. काकांनी गेटवर सोडून निघून जायचं नाही, हातात द्यायचं. घरी न्यायला कोण येऊ शकतं, त्यांची नावं आणि फोटो पाळणाघरात ठेवा. आणि तुम्हाला फोन केल्याशिवाय औषध नाही, साधं तापाचंसुद्धा.

डब्यात सकाळी सातला गरम भात गच्च बंद करू नका, एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत आंबतो. पोळी-भाजी द्या, वरण-भात तिथलाच घ्या.

पैसे ठरवताना शाळेची सुट्ट्यांची यादी पाळणाघराच्या यादीशेजारी ठेवा. दिवाळी आणि मे महिन्यात पूर्ण दिवसाचा दर वेगळा असतो. पावसामुळे अचानक शाळा बंद झाली तर घेतात का? ताप असलेलं मूल बहुतेक ठिकाणी घेत नाहीत (आणि ते बरोबरच आहे), त्या दिवशी रजा कोण घेणार हे आधीच ठरवा. उशिरा नेल्यास ताशी किती, तेही. २०२४ पासून राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारने सांगितलंय. तुमच्या शाळेची वेळ पुढे गेली तर दुपारची फट कमी होईल, पण सकाळी तुम्ही आठला निघाल्यावर तासाभराची नवी पडेल. पाळणाघर तेव्हा उघडं असतं का बघा.

पहिल्या आठवड्यात दोन दिवस तीनला आणा, दोन दिवस पाचला, मग सातला. घरी आल्यावर 'मजा आली का?' विचारलं की 'हो' एवढंच मिळतं. 'आज शेजारी कोण बसलं, कोण रडलं, ताई कुणाला ओरडली?' असं विचारा. जायच्या वेळी रोज पोट दुखायला लागलं, तर न सांगता चारला एक चक्कर मारा.