ओटीपोटाचं रेडिएशन : रोजचं पाणी, जुलाब आणि वर्षभराने दिसणारं रक्त

प्रश्न : आईला (वय 54) गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. 25 वेळा शेक (रेडिएशन) आणि दर आठवड्याला एक केमो सांगितली आहे. दोनदा तिला मशीनवरून उठवून पुन्हा पाणी प्यायला पाठवलं, एकदा ‘गॅस आहे’ म्हणून तासभर थांबवलं. मशीन एवढं आधुनिक, मग हे कशासाठी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मशीन आधुनिक आहे म्हणूनच. आयएमआरटी या शेकाच्या नव्या पद्धतीत किरणांचा डोस गाठीच्या आकाराप्रमाणे बसवतात आणि कडेला तो काही मिलिमीटरमध्येच झपाट्याने उतरतो. कडेपलीकडे आतडं, मूत्राशय आणि गुदाशय असतात. हा सगळा आराखडा सुरुवातीच्या सीटी स्कॅनवर आखलेला असतो आणि त्या वेळी आईंची लघवीची पिशवी भरलेली होती. ती रोज साधारण तेवढीच भरली, तर लहान आतड्याची वेटोळी वर सरकलेली राहतात. रिकामी असेल तर ती किरणांच्या वाटेत उतरतात, गर्भाशयही सेंटिमीटरभर किंवा जास्त हलतं. गुदाशयात गॅस किंवा मळ साठला, तर गर्भाशयमुख पुढे ढकललं जातं. शेक देण्याआधीच्या छोट्या स्कॅनमध्ये हे दिसतं. तंत्रज्ञांनी उठवलं ते योग्यच केलं.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने ऑपरेशननंतर शेक घेणाऱ्या 300 स्त्रियांचा अभ्यास केला. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास जुन्या पद्धतीत 42 टक्के, तर रोज स्कॅन पाहून दिलेल्या आयएमआरटीत 21 टक्के होता. तासभर थांबण्याचं मोल एवढं आहे.

आता रोजचा क्रम. सेंटरवर पोहोचल्यावर आधी लघवी पूर्ण करायची. मग सांगितलेलं पाणी, बहुतेक ठिकाणी अर्धा लिटर, दहा मिनिटांत प्यायचं आणि 30 ते 45 मिनिटं थांबायचं. आईंच्या सेंटरने वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. नेहमी चुकतं ते इथे : प्रवासात लघवी लागू नये म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शरीर कोरडं पडलं की प्यायलेलं पाणी आधी शरीरातच मुरतं आणि पिशवी वेळेत भरत नाही. म्हणून आदल्या दिवसापासून थोडं थोडं पाणी चालू ठेवा. हरभरा, चवळी, कोबी आणि सोड्याची पेयं तेवढे दिवस बंद. बद्धकोष्ठ असेल तर औषध डॉक्टरांकडूनच घ्या.

प्रश्न : तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झालेत. चार दिवस शेक थांबवावा का?

उत्तर : स्वतःहून मुळीच नको. बाहेरचा शेक आणि आतून देतात ती ब्रेकीथेरपी मिळून सगळं आठ आठवड्यांत संपायला हवं. लांबलं की आजार आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, केळं आणि ओआरएस द्या. दूध, तिखट, कोशिंबिरी आणि मोडाची कडधान्यं टाळा. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड डॉक्टरांना विचारून. केमोत सिस्प्लॅटिन असेल तर जास्तच जपा. जुलाबाने पाणी कमी झालं की हे औषध मूत्रपिंडाला इजा करू शकतं. लघवी कमी झाली, ताप आला किंवा चक्कर आली, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : शेक चालू असताना नातवंडांना जवळ घ्यावं का?

उत्तर : जरूर. बाहेरून दिलेल्या शेकाने अंगात किरण राहत नाहीत.

प्रश्न : वहिनींचा शेक संपून वर्ष झालं. आता संडासवाटे रक्त जातं. मूळव्याध आहे का?

उत्तर : असू शकते, पण शेकानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षा-दोन वर्षांनी गुदाशयाच्या आतल्या अस्तरातल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटूनही असं रक्त जातं. दुर्बिणीने तपासावंच लागतं. मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांना शेकाचं डिस्चार्ज कार्ड आधी दाखवा. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला सर्वात जास्त डोस मिळालेला असतो; तपासणीसाठी तिथला तुकडा विनाकारण काढला तर जखम भरत नाही, फिस्टुला (शेजारच्या अवयवात उघडणारं भोक) होऊ शकतो. थोडं रक्त अनेकदा सुक्राल्फेट या औषधाच्या एनिमाने थांबतं. हिमोग्लोबिन उतरत असेल, तर दुर्बिणीतूनच आर्गॉन प्लाझ्माने (आर्गॉन वायूतून दिलेल्या विजेच्या उष्णतेने) त्या वाहिन्या बंद करतात.